कपाटाच्या दारावरचा व्हिटकम

माझा भाऊ रोझेर एका बेसबॉल खेळाडूची सही घ्यायला कपाटाचं दार घेऊन गेला. बाकीचे लोक खेळाडूच्या फोटोची कार्डं घेऊन आले होते, प्लास्टिकच्या पाकिटात घातलेली, दोन बोटांनी कडेला धरलेली. रोझेरने दार आणलं, बिजागऱ्यांसकट. हसायचं असेल तर हसून घ्या, मीही हसले होते. पण कार्डच दाराला चिकटवलेलं असेल तर माणसाने दुसरं काय करायचं?

ते चिकटवलं आमच्या आईने.

रोझेर तेव्हा नऊ वर्षांचा होता आणि मी पाच. वडील बेलरीव्हच्या, म्हणजे आमच्या डोंगरातल्या गावच्या, कागद गिरणीत होते. बेलरीव्हमध्ये ज्याचा बाप गिरणीत नाही असा पोरगा एक तर डॉक्टरचा असायचा, नाहीतर पाद्र्याचा, आणि पाद्र्याला पोरं नसतात, निदान आम्ही फ्रेंच कॅथलिक लोक तसं धरून चालतो. तर एका पगाराच्या दिवशी वडिलांनी रोझेरला चघळायच्या गमचं पाकीट आणून दिलं. आयुष्यात एकदाच. पाकिटात गुलाबी गमची पट्टी, कौलासारखी कडक, आणि बेसबॉल खेळाडूंची कार्डं. गल्लीतल्या पोरांना अशा पाकिटांतून मोठमोठे खेळाडू मिळाले होते, ज्यांची नावं पाद्रीबाबासुद्धा प्रवचनात घ्यायचे. रोझेरला मिळाला डेल्मर व्हिटकम. हा बॉस्टनच्या संघात होता. संघात म्हणजे राखीव खेळाडूंच्या बाकावर.

मी स्पष्टच सांगते, व्हिटकम थोर नव्हता. आम्हाला मिळाला म्हणून थोर झाला. लोकांचे देव दुसऱ्या कुठल्या रीतीने ठरतात ते मला कुणीतरी समजावून सांगावं.

त्याच आठवड्यात कुणाचा तरी घोटा मुरगळला आणि व्हिटकमला खेळायला मिळालं. स्वयंपाकघरातला रेडिओ खरखरत होता, बोलणारा इंग्रजीत बोलत होता, आई भांडी घासत होती. आम्हाला "व्हिटकम" एवढं ऐकू आलं, मग बॅटचा आवाज, मग माणसांचा कल्लोळ. मग नेहमीसारखा डोंगराने रेडिओचा आवाज गिळला. तेवढं पुरलं. रोझेर कार्ड घेऊन घरभर नाचला. आईने पाहिलं, की हा पोरगा हे कार्ड एक तर सायकलच्या चाकात अडकवणार, फटफटीसारखा आवाज यावा म्हणून, किंवा शाळेत हरवून येणार. तिने पिठाची खळ शिजवली आणि कार्ड स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला चिकटवून टाकलं, सेंट ॲनच्या तसबिरीच्या बरोबर खाली.

"आता सेंट ॲन बघेल त्याच्याकडे," ती म्हणाली.

हे ऐकून कार्डं जमवणाऱ्या लोकांच्या छातीत कळ येते. येऊ दे. पण एक गोष्ट इथेच लक्षात ठेवा. कार्डाच्या मागच्या बाजूला खेळाडूची सगळी माहिती छापलेली असते, आणि आमच्या कार्डाची मागची बाजू त्या दिवशी खळीत गेली. ती घरात कुणीच वाचली नाही.

पुढची बाजू मात्र आम्हाला पाठ होती. व्हिटकम डावखुऱ्यासारखा उभा. बॅट डाव्या खांद्यावर, कोपर वर, हनुवटी पुढे, आणि चेहरा असा, की मागे कुणीतरी त्याचा डबा उघडतंय. रोझेर झाडूचा दांडा घेऊन कपाटासमोर उभा राहायचा. कोपर जुळला की गुडघा, गुडघा जुळला की हनुवटी. तो जेवायचा उजव्या हाताने, लिहायचा उजव्या हाताने, मला मारायचाही उजव्याच हाताने. पण व्हिटकम डावीकडून उभा राहतो, म्हणजे रोझेरही डावीकडून. महिनाभरात त्याला जमलं. मग त्याने मला शिकवलं, मग गल्लीतल्या पोरांना.

मग टोप्या आल्या. आईने सगळ्या पोरांच्या टोप्यांवर भरतकामाने "बी" काढायचं ठरवलं. बॉस्टनचा बी, आणि बेलरीव्हचाही बी, एका टाक्यात दोन कामं. नमुन्यासाठी ती कार्डासमोर बसली. कार्डावरच्या व्हिटकमच्या टोपीवर बी होता, पण त्याचं पोट डावीकडे होतं. आईला अक्षर कळत नव्हतं असं नाही, फ्रेंच प्रार्थनेचं पुस्तक ती रोज वाचायची. तिने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"इंग्रजीत असाच काढत असतील," ती म्हणाली. "ते लोक सगळंच उलटं करतात."

आणि तिने डाव्या पोटाचे बी भरले. तुम्हाला एव्हाना कळलं असेल, की कार्ड छापताना कुणीतरी फोटोची फिल्म उलटी लावली होती. आम्हाला नाही कळलं. गिरणीतला साहेब इंग्रजी, दुकानदार इंग्रजी, रेडिओ इंग्रजी. त्यांचं एखादं अक्षर आपल्याला उलटं दिसलं तर चूक आपलीच असणार, असं आम्हाला शाळेत छडीने शिकवलेलं होतं. आजही बेलरीव्हची पोरं तसलीच टोपी घालतात. बाहेरगावचे लोक समजतात, की ती कॅथलिकांची काहीतरी खूण आहे.

रोझेर मोठा झाला, गिरणीत लागला, आणि पाळी संपली की चाळीस वर्षं गावच्या पोरांना बेसबॉल शिकवत राहिला. सगळी पोरं डावीकडून. शेजारच्या गावांचे चेंडू टाकणारे पार गोंधळून जायचे, कारण एका संघात एखाददुसरा डावखुरा असतो, इथे ओळीने नऊ उभे. आम्ही जिंकायचो. आम्हाला "डावरं गाव" म्हणायचे आणि आम्ही ते मिरवायचो.

कुणाला संशय आला नाही असं नाही. कुणी म्हणालं, की रेडिओवाला एकदा व्हिटकमला उजवा म्हणाला होता, तर रोझेर म्हणायचा, "रेडिओवाला पलीकडच्या बाजूला बसतो. त्याला तिकडून तसं दिसत असेल." आता यावर माणूस काय बोलणार? व्हिटकम दोनच हंगाम खेळला आणि मग नाहीसा झाला. विचारणार कुणाला?

एकच पोरगा होता जो डावीकडून खेळायला तयार झाला नाही. लिओनेल पोमरलो. "मी उजवा आहे आणि उजवाच खेळणार," म्हणाला. रोझेरने त्याला मैदानाच्या अगदी टोकाला, झुडपांजवळ उभं केलं, जिथे चेंडू कधी येत नाही आणि डास कायम येतात. लिओनेल दोन उन्हाळे तिथे उभा राहिला. पुढे तो विम्याचा एजंट झाला, आणि बेसबॉलची कार्डं जमवायला लागला.

या जमवणाऱ्या लोकांविषयी मला बोलायचंच आहे, तर बोलून घेते. कार्ड ही पोरांची वस्तू आहे. त्याला गमचा वास हवा, कोपरे मोडलेले हवेत, मागे कुणाच्या तरी अक्षरात "हा माझा आहे, हात लावू नको" असं लिहिलेलं हवं. हे लोक हातमोजे घालून कार्ड उचलतात. मुलगी बघायला आल्यासारखे एकेक कोपरा तपासतात, गुण देतात, मग ते जाड प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करतात. आत खेळाडू गुदमरलेला, बाहेर हे खूष. लिओनेलच्या घरी कार्डांसाठी आगीत न जळणारं कपाट आहे. त्याच्या बायकोसाठी तसं काही नाही.

तर काही वर्षांपूर्वी, गावात बातमी आली, की व्हिटकम जिवंत आहे. डोंगरापलीकडे न्यू हॅम्पशरमध्ये मुलीकडे राहतो. गावच्या आगीच्या बंबवाल्यांना नवी नळी घ्यायची होती, त्यासाठी ते बीन्सचं गावजेवण ठेवणार होते. त्यांनी व्हिटकमला बोलावलं आणि तो येतो म्हणाला. हे कळल्याबरोबर रोझेरने हातातली कॉफी खाली ठेवली. मग उठला आणि स्क्रू काढायचा पेचकस शोधायला लागला.

जेवणाच्या आदल्या दिवशी लिओनेल माझ्याकडे आला. मी अंगणात रुबार्बचे आंबट देठ चिरत बसले होते. त्याने खिशातून प्लास्टिकची वडी काढली आणि माझ्या नाकासमोर धरली. व्हिटकमचं कार्ड. आमचंच, पण स्वच्छ.

"क्लोटिल्ड, मागची बाजू वाच."

"चष्मा नाही."

"डोक्यावर आहे."

मी चष्मा नाकावर घेतला. उंची, वजन, जन्मगाव. त्याखाली: चेंडू फेकतो उजव्या हाताने. बॅट धरतो उजवीकडून.

"मग?" मी म्हणाले.

"मग म्हणजे? माणूस उजवा होता. फोटो उलटा छापलाय. तुझा भाऊ चाळीस वर्षं अख्ख्या गावाकडून छापखान्याच्या चुकीची पूजा करून घेतोय."

"हे तुला कधी कळलं?"

"मंगळवारी. टपालाने आलं."

"आणि उद्या काय करणार आहेस?"

"विचारणार. त्याला, सगळ्यांसमोर. मिस्टर व्हिटकम, तुम्ही कुठल्या बाजूने खेळायचात? एवढंच. खरं ते खरं."

"लिओनेल, तुला अजून डास चावतायत."

तो लाल झाला. "यात वैयक्तिक काही नाही," म्हणाला. माणूस असं म्हणाला, की समजावं, यात दुसरं काहीच नाही.

"रोझेरला आज एकट्यात दाखव," मी म्हणाले. "घरी जा, कॉफी पी, दाखव."

"एकट्यात दाखवलं तर तो म्हणेल, मला तिकडून तसं दिसतंय."

हे मात्र बरोबर होतं.

मी त्या रात्री बरीच कुढले. गिरणी बंद झाली तेव्हा मालकांनी रोझेरला एक घड्याळ दिलं होतं, तेही वर्षात बंद पडलं. गिरणीचे मालक कुठल्या राज्यात राहतात हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. बायको गेली, मुलगी टेक्ससला गेली. उरली ती संध्याकाळची पोरं, आणि ती त्याचं ऐकतात कारण तो म्हणतो, "व्हिटकम असा उभा राहायचा." पोरं काही दुष्ट नसतात, पण दयाळूही नसतात. त्या बंबखान्यात एकदा हशा पिकला, की सोमवारी मैदानावर रोझेरने कोपर वर करायला सांगितलं तर ती एकमेकांकडे बघणार. बास, तेवढंच पुरे होतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या आधीच बंबखान्यात गेले. व्हिटकम मागच्या बाजूला, बीन्सच्या पातेल्यांपाशी, खुर्चीवर बसून आधीच जेवत होता. मोठे हात, मोठे कान, पायात मऊ बूट. वर्षं झाली होती, पण चेहरा तोच, मागे कुणीतरी डबा उघडतंय असा.

"मिस्टर व्हिटकम?"

"उठायला सांगू नका, बाई. बसायलाच दहा मिनिटं लागली."

मी त्याला सगळं सांगितलं. कार्ड, खळ, टोप्या, गाव. तो हसायला लागला, हसता हसता खोकायला लागला, मला त्याच्या पाठीत थापट्या माराव्या लागल्या.

"ते कार्ड," तो डोळे पुसत म्हणाला. "माझी बायको म्हणायची, मी या माणसाशी लग्नच केलेलं नाही, हा दुसराच कुणीतरी."

"हसू नका. माझा भाऊ दार घेऊन येतोय."

"दार?"

"दार. आणि लिओनेल पोमरलो नावाचा एक माणूस तुम्हाला विचारणार आहे, की तुम्ही कुठल्या बाजूचे. तुम्ही डावे म्हणा."

त्याने चमचा खाली ठेवला. "बाई, मी आमच्या चर्चमध्ये डीकन आहे, पाद्र्याच्या हाताखालचा. मी खोटं बोलत नाही."

"कुठलं चर्च?"

"मेथडिस्ट."

"मग ते धरायचं नाही," मी म्हणाले. आम्ही कॅथलिक मेथडिस्टांचं चर्च चर्चात धरत नाही, पण हे मी उगाच म्हणाले, मला राग आला होता. "बरं, खोटं बोलू नका. गप्प राहा. डीकनला गप्प राहता येतं की नाही?"

"माझ्या बायकोला विचारलं असतंत तर ती नाही म्हणाली असती." मग त्याने विचारलं, "किती पोरं शिकवली म्हणालात त्याने?"

"सगळी."

"सगळी माझ्यासारखी उभी राहतात?"

"तुमच्या उलट्यासारखी."

"माझ्या स्वतःच्या मुलाने कधी माझ्यासारखी बॅट धरली नाही," व्हिटकम म्हणाला. "तो ट्रॉम्बोन वाजवतो."

आणि पुन्हा बीन्स खायला लागला. होय म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. मेथडिस्टांचं हे असंच असतं.

पाच वाजता गाव जमलं. बंब बाहेर अंगणात काढून ठेवले होते आणि आत टेबलं लावली होती. बीन्स, वाफवलेला काळा पाव, लाल सॉसेज, कोबीची कोशिंबीर. व्हिटकम टेबलामागे बसून सह्या करत होता आणि लोक रांगेने प्लास्टिक पुढे सरकवत होते. रांगेच्या मध्यावर रोझेर. डोक्यावर डाव्या पोटाच्या बीची टोपी, अंगात रविवारचा कोट, काखेत दार. पोरं त्याच्यामागे, तसल्याच टोप्या घालून. दार वळताना मागच्या माणसाच्या गुडघ्याला लागायचं, आणि रोझेर दर वेळी दाराला जपून धरायचा, माणसाला नाही.

त्याची पाळी आली. त्याने दार टेबलावर आडवं ठेवलं. वर सेंट ॲन, खाली व्हिटकम, कोपऱ्यात आईच्या हातचा तेलाचा डाग. रोझेर जन्मभर या माणसाला काय म्हणायचं ते ठरवत आला होता. शेवटी म्हणाला, "खरकटं पुसलंय. पण थोडं राहिलं असेल."

व्हिटकम दाराकडे बघत राहिला. तेवढ्यात लिओनेल उभा राहिला. हातात प्लास्टिकची वडी.

"मिस्टर व्हिटकम, एक शंका होती." आवाज विम्याचा. सगळं गाव खुर्च्या सरकवून वळलं, कारण सगळ्या गावाला माहीत होतं काय येणार ते. लिओनेलने आदल्या संध्याकाळपासून निम्म्या गावाला सांगून ठेवलं होतं. "या कार्डाच्या मागे लिहिलंय, तुम्ही उजवीकडून खेळायचात. आणि पुढे फोटोत तुम्ही डावे दिसता. पोरांना कळलं पाहिजे. कुठलं खरं?"

पोरांनी रोझेरकडे पाहिलं. रोझेरने दाराकडे पाहिलं. माझ्या हातात सॉसेजचा चिमटा होता आणि मी तो लिओनेलला कुठे लावायचा याचा विचार करत होते.

व्हिटकमने वडी हातात घेतली. पुढची बाजू पाहिली, मागची पाहिली, पुन्हा पुढची.

"हे पुढचं ज्यांनी छापलं," तो म्हणाला, "त्यांनीच मागचंही छापलंय. आता त्यांच्यावर किती विश्वास ठेवायचा ते तुमचं तुम्ही बघा."

कुणीतरी फसकन हसलं. हे खोटं नव्हतं, मी नंतर शब्द न् शब्द तपासून पाहिला.

"पण तुम्ही तर सांगू शकता ना," लिओनेल म्हणाला. "तुम्ही स्वतः."

"सांगण्यात काय अर्थ आहे? बॅट आहे का कुणाकडे?"

पोरांकडे बॅट असतेच, ती झोपताना पण घेऊन झोपतात. सगळं गाव बाहेर अंगणात आलं. व्हिटकमला दोन जणांनी धरून उठवलं. तो बंबासमोर उभा राहिला, बॅट घेतली, आणि क्षणभर थांबून डावीकडून उभा राहिला.

आता मी जे पाहिलं ते सांगते. मी आयुष्यात इतकं वाईट उभं राहिलेलं कुणी पाहिलेलं नाही. कोपर बरगड्यांना चिकटलेला. गुडघे एकमेकांना टेकलेले. हातसुद्धा उलटे धरलेले, खालचा वर आणि वरचा खाली. दुसऱ्या कुणाची तरी पँट चुकून घातल्यासारखा माणूस अवघडला होता. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. लिओनेलच्या तोंडावर हसू यायला लागलं. मी मनात म्हणाले, डीकनसाहेब, गप्प राहा म्हटलं होतं, नाटक करा म्हटलं नव्हतं.

रोझेर पुढे झाला. मला वाटलं, आता तो दार उचलून घरी जाणार. तो सरळ व्हिटकमपाशी गेला आणि त्याच्या दंडाला धरलं.

"हे काय," तो म्हणाला. "हात बदला आधी. डावा वर."

व्हिटकमने हात बदलले.

"कोपर कुठाय?"

"हा काय."

"तो तिथे काय करतोय? वर. आणखी वर. तुम्ही विसरलात सगळं."

"बरीच वर्षं झाली," व्हिटकम म्हणाला.

"वर्षं झाली म्हणून कोपर खाली येतो होय? पाय उघडा. एवढे नको, तुम्ही काय नाचायला आलाय? हनुवटी पुढे. माझ्याकडे बघू नका, चेंडूकडे बघा."

"चेंडू नाहीये."

"येईल."

पोरं खिदळायला लागली, पण ती व्हिटकमला हसत होती. रोझेर त्यांना रोज हेच, याच शब्दांत बोलायचा, आणि आज ही बोलणी त्यांच्याऐवजी खुद्द व्हिटकमला बसत होती. एवढी मजा त्यांना वर्षभरात मिळाली नव्हती. एक मागे सरकून कपाटाच्या दाराकडे बघायला लागला आणि ओरडला, "अजून थोडा कोपर, मिस्टर मिशो. फोटोत जास्त आहे." मिस्टर मिशो म्हणजे रोझेर. रोझेरने मान हलवली आणि व्हिटकमचा कोपर बोटभर वर केला.

आणि मग तो जुळला. सेंट ॲनच्या पायाशी इतकी वर्षं उभा असलेला माणूस बंबासमोर उभा होता, फक्त सुरकुतलेला.

रोझेर काही पावलं मागे गेला आणि हळूच, खालून, पाच वर्षांच्या पोरीला टाकावा तसा चेंडू टाकला. मला तो तसाच टाकायचा. व्हिटकमने बॅट फिरवली. टक. चेंडू जमिनीवरून लोळत गेला आणि लिओनेलच्या बुटाला लागून थांबला. मैदानापार जाणारा होमरन नव्हता. पण गाव असं ओरडलं, की डोंगरापलीकडे रेडिओला ऐकू गेलं असतं.

लिओनेल खाली वाकला, चेंडू उचलला. तो परत टाकायचा, तर त्याला प्लास्टिकची वडी खिशात घालावी लागली. त्याने ती घातली. कुठल्या हाताने चेंडू टाकावा याचा त्याने विचार केल्यासारखं मला वाटलं, पण ते कदाचित माझ्या मनाचं असेल.

"तू ये," रोझेर त्याला म्हणाला. "झुडपांपाशी कुणी नाहीये."

"मसणात जा, रोझेर," लिओनेल म्हणाला. पण गेला. जेवण विसरून म्हातारे आणि पोरं अंधार पडेपर्यंत अंगणात खेळत राहिले आणि बीन्स मला एकटीला झाकून ठेवावे लागले, हे कुणाच्या लक्षात तरी आहे का ते विचारा.

सही झाली. व्हिटकमने दारावर मोठ्या अक्षरात लिहिलं, उजव्या हाताने, आणि लिहिताना रोझेर त्या हाताकडे बघत होता. मी त्याच्या शेजारीच उभी होते.

परतताना दार आमच्या दोघांच्या मध्ये होतं, ट्रकच्या सीटवर उभं, तिसऱ्या पाहुण्यासारखं. रोझेर सावकाश गाडी चालवत होता, खड्डा चुकवत, दाराला धक्का लागू नये म्हणून. मला वाटलं, आपण काही बोलू नये. मग पूल आला.

"उजवा आहे तो," रोझेर म्हणाला.

मी दाराची कड धरली.

"चाळीस वर्षं पोरं बघतोय मी, क्लो. माणूस बॅट हातात घेतो तेव्हाच कळतं. तो डाव्या बाजूला जन्मात उभा राहिलेला नाही."

"तुला आज कळलं?"

"तू सॉसेज आणलेस का थोडे?"

"रोझेर, तुला कधी कळलं?"

"आई दार धुवायची दर ईस्टरला," तो म्हणाला. "दर वर्षी कार्डाचा एक कोपरा थोडा सुटायचा, मागची अक्षरं दिसायची. मी परत खळ लावायचो."

गिरणीवरून गाडी गेली. तिच्या खिडक्या फुटलेल्या आहेत आणि कुणी त्या बसवत नाही. रोझेरने एक हात दारावर ठेवला होता.

"पण वाईट नव्हता," तो थोड्या वेळाने म्हणाला. "कोपर लवकर उचलला त्याने. शिकणाऱ्यातला आहे. नऊ वर्षांचा असताना माझ्याकडे आला असता, तर बाकावर बसला नसता."